भिंतीबद्दलचा आक्षेप

मी लिनक्स वापरते हे मी कधी कोणापासून लपवलं नाही. पण सांगितलं की समोरच्याचा चेहरा असा होतो, जणू मी बारा महिने अनवाणी फिरते. पहिला प्रश्न ठरलेला, "फुकट मिळतं ना ते?" हो, मिळतं. बहुतेकांचा कॉम्प्युटर ज्या सिस्टीमवर चालतो ती कंपनी विकते. आमची जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेली आहे, कोणीही घ्यावी, उघडून बघावी, बिघडली तर दुरुस्त करावी. जुन्या, दमलेल्या मशीनवरही ती चालते, आणि माझं मशीन दमलेलंच होतं. ते मला लातूरच्या ज्या कोचिंग क्लासमध्ये मी नोकरी करते तिथून मिळालं. क्लासने भंगारात काढलं, मी घरी नेलं.

त्या क्लासबद्दल आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिथल्या एका पद्धतीमुळे बिघडलं आणि त्याच पद्धतीमुळे सुधारलं. ज्या क्लासमध्ये डॉक्टर व्हायला म्हणून गेले आणि दोनदा प्रवेश परीक्षेत आपटले, त्याच क्लासच्या ऑफिसात मी नोकरीला लागले. लोकांना ह्यात दुःख दिसतं. मला दिसत नाही. तेव्हा लातुरात गल्लीगल्लीत क्लास उघडत होते, नांदेडातही तेच, खोल्या मिळत नव्हत्या, मेसच्या डब्यांनी भरलेल्या रिक्षा फिरत होत्या, आणि ह्या सगळ्या गर्दीत पक्की नोकरी असलेल्या मोजक्या माणसांपैकी मी एक होते. माझं काम होतं आक्षेपांचं. दर रविवारी सराव परीक्षा, सोमवारी उत्तरसूची भिंतीवर. ज्याला वाटेल की सरांचं उत्तर चुकलंय, त्याने अर्ज करायचा. अर्जाला चार रकाने: प्रश्न कोणता, तुमचं उत्तर काय, आमचं उत्तर काय, पुरावा काय. शेवटचा रकाना रिकामा असला की मी अर्ज बाजूला टाकायचे. आक्षेप मान्य झाला तर मार्क फक्त अर्ज करणाऱ्याला नाही, परीक्षेला बसलेल्या सगळ्यांना. जो झोपा काढत होता त्यालाही. हा नियम मला फार आवडायचा, अजून आवडतो.

पोरं हुशार असतात. एकाने चांगला आक्षेप लिहिला की बाकीचे तोच जसाच्या तसा उतरवून काढायचे आणि चाळीस अर्ज टेबलावर पडायचे. मग सरही लक्ष घालायचे. एका अर्जाकडे कोण बघतो? गठ्ठ्याकडे बघावं लागतं. असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

माझ्या मशीनवर लिनक्स घालून दिलं ते नांदेडच्या भाईंनी. स्टेशनजवळच्या गल्लीत त्यांचं दुरुस्तीचं दुकान, आमच्या क्लासची मशीनं बघायला महिन्यातून एकदा यायचे. त्यांनीच मला त्यांच्या लिनक्सवाल्या दोस्तांच्या यादीत घेतलं. नांदेड आणि लातूर मिळून आम्ही सात जण होतो. मोठं संमेलन नव्हे, पण एकाचं अडलं की बाकीचे सहा दिवसभर त्यात डोकं घालायचे.

ह्या सात जणांतून मला त्या गेमचा पत्ता लागला. कुठल्याशा थंडीच्या देशात एक माणूस एकटाच बसून गेम बनवतो. कंपनी नाही, नोकर नाहीत, चित्रं त्याची, कोड त्याचा, पत्रांना उत्तरंही त्याचीच. गेममध्ये मारामारी नव्हती. दगड, माती, लाकूड द्यायचा आणि म्हणायचा, बांधा. दगडाला वजन होतं. नीट रचला तर राहायचा, तिरका ठेवला तर घसरायचा. आणि त्याने हा गेम लिनक्ससाठीसुद्धा काढला होता. बाकी गेमवाल्यांच्या लेखी आम्ही जन्मालाच आलेलो नव्हतो, त्यामुळे ह्या माणसाचं आम्हाला केवढं कौतुक. आम्हाला फुकटे म्हणणाऱ्यांना मी मुद्दाम सांगते, सातच्या सात जणांनी तो विकत घेतला.

मी त्यात गाव बांधायला घेतलं. आमचं जुनं गाव, औशाच्या पलीकडचं. मी तिसरीत होते तेव्हा भूकंपात ते गेलं. पांढऱ्या मातीची दोन-दोन हात जाड दगडी भिंतीची घरं, वर मातीचं माळवद. मी आणि अण्णा अंगणात झोपलो होतो म्हणून वाचलो. आई आत होती. पुढे पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढले आणि मग नवं गाव मिळालं, ओळीत सारखी घरं, दारावर नंबर. अण्णा तिथल्याच शाळेत मास्तर होते. रिटायर झाल्यावर माझ्याकडे लातूरला आले. वीस वर्षांत त्यांनी जुन्या गावाचं नाव काढलं नव्हतं. मी विचारलं की ते पेपर उघडायचे.

एका रविवारी दुपारी मी गावातली पिठाची गिरणी मांडत होते. अण्णा मागून चहा घेऊन चालले होते, ते थांबले. मग म्हणाले, "गिरणी चावडीच्या मागं होती. तू म्होरं मांडलीस."

मी गिरणी उचलून मागे ठेवली. अण्णांनी खुर्ची ओढली.

त्यानंतर दर रविवारी आम्ही दोघं बसायचो. परीक्षा सकाळी संपायची, मी जेवायला घरी यायचे आणि दुपारपासून गाव. ह्या बोळात बैलगाडी वळायची नाही. ह्या घराला दोन दारं, कारण दोघा भावांचं पटत नव्हतं. शाळेच्या ओट्याला पाच पायऱ्या, चार नव्हे. अण्णा एवढं बोलतात हे मला अठ्ठाविसाव्या वर्षी कळलं. कधीकधी माणसांबद्दलही बोलायचे. आईचं मात्र नाही, आणि आमचं घर त्यांनी शेवटी ठेवलं होतं.

शेवटी ते घर घेतलं. तोवर गाव भरत आलं होतं. तीन भिंती उभ्या राहिल्या, दक्षिणेकडची चौथी मी रचत आणली, आणि दगड थरथरायला लागले. मी काहीच केलं नव्हतं. हात माउसवरून काढलेला होता. भिंत आतून फुगली आणि सुटली, तिच्यापाठोपाठ शेजारचं घर, मग बोळातली सगळी ओळ. अण्णा उठले. चपला घालून बाहेर गेले आणि दिवेलागणीला आले. मी जेवायला वाढलं, ते जेवले आणि झोपले.

मी पुन्हा बांधलं. पुन्हा पडलं. पुढच्या रविवारी अण्णांनी खुर्ची ओढली नाही. त्यानंतरच्याही नाही. मला रडू आलं नाही, संताप आला. जे एकदा खरोखर झालं ते त्या माणसाला परत दाखवायला मी बसवलं होतं. गाव उभं राहत नसेल तर अण्णा पुन्हा पेपरात तोंड घालणार आणि आतलं सगळं आतच घेऊन जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

बाकी सहा जणांना विचारलं तर पाच जणांकडेही भिंती पडत होत्या. मग मी केलं ते लातुरात कोणीही केलं असतं. आक्षेप लिहिला. इंग्रजी माझं क्लासमधलंच, पण लिहिला. आणि बाकी सहाही जणांना म्हटलं, हाच उतरवून आपापल्या नावाने पाठवा. गठ्ठा पडला पाहिजे टेबलावर.

गठ्ठा पडला. चार दिवसांनी त्या माणसाने त्याच्या पानावर सगळ्यांसाठी जाहीर लिहिलं. एकच तक्रार, शब्दाला शब्द सारखी, सात वेगवेगळ्या नावांनी आली आहे, हे बहुधा एकाच माणसाचे उद्योग आहेत. लिनक्सवाले गिऱ्हाईक म्हणून मूठभर आणि तक्रारी मात्र सगळ्यांत जास्त त्यांच्या. बाकी कोणाच्या भिंती पडत नाहीत, म्हणजे दोष लिनक्सचाच. आपण एकटे आहोत, थकलो आहोत. पुढच्या आवृत्तीपासून लिनक्स बंद. आहे ते आहे तसं वापरा.

आहे ते आहे तसं म्हणजे गाव पडत राहणार. खाली लोकांनी टाळ्या वाजवल्यासारखं लिहिलं होतं, बरं केलंत, फुकट्यांचे लाड पुरे. मी तावातावाने उत्तर लिहायला घेतलं. लिहिता लिहिता मध्येच जाणवलं की माणूस सगळंच खोटं बोलत नाहीये. आपल्याकडे चाळीस सारखे अर्ज म्हणजे चाळीस माणसं. त्याच्याकडे सात सारखी पत्रं म्हणजे एक लबाड. ही चूक माझी होती, बाकी सहाही जणांना मीच त्यात ओढलं होतं. आणि त्याहून वाईट, चौथा रकाना मी रिकामा ठेवला होता. भिंत पडते एवढंच लिहिलं होतं. का पडते? माहीत नाही. असे अर्ज मी स्वतः रोज बाजूला टाकत होते.

सरांना मी सहज विचारलं, आक्षेप घेणाऱ्याची एकदा नियत खराब ठरली, मग त्याचा दुसरा अर्ज तुम्ही बघाल का? सर म्हणाले, नियत कुठल्या रकान्यात लिहितात? पुरावा असेल तर बघावाच लागेल.

पुढच्या रविवारी सुट्टी टाकून गावाची फाईल पेन ड्राइव्हवर घेतली आणि नांदेडची एसटी धरली. अहमदपूरला गाडी अर्धा तास उभी होती, तेवढ्यात काय काय तपासायचं ते मी तिकिटाच्या मागे लिहून काढलं. भाईंनी दुकानात पाच मशीनं मांडून ठेवली होती, गिऱ्हाइकांची दोन धरून. पहिल्या जुन्या लिनक्सवर गाव उघडलं, चौथी भिंत रचली, पडली. दुसऱ्यावर पडली. तिसरं मशीन नवं, दमदार, त्यावरही लिनक्सच. त्यावर भिंत राहिली. आम्ही चहा मागवला, चहा संपला, भिंत तशीच उभी.

मग भाईंनी गिऱ्हाइकाचं एक जुनं विंडोजचं मशीन पुढे ओढलं. टायपिंगच्या दुकानातलं होतं, की-बोर्डवरची अर्धी अक्षरं पुसलेली. त्यावर गाव उघडलं, भिंत रचली. दगड थरथरले आणि आमचं घर त्या मशीनवरही पडलं. पाचवं मशीनही जुनं विंडोजचंच, त्यावरही तेच.

भाई म्हणाले, "विंडोजवर बी पडून राहिली ताई. मग लिनक्सचं नाव कामून घेऊन राहिला तो?"

डॉक्टर मी झाले नाही, पण फिजिक्स माझं कोणी काढून घेतलं नव्हतं. गेममध्ये दगड खरोखर पडत नसतो, मशीन क्षणाक्षणाला हिशोब करतं की आता तो कुठे असेल. मशीन दमलेलं असलं आणि गाव मोठं असलं की ते दर क्षणाला हिशोब करू शकत नाही, मोठमोठ्या ढांगा टाकतं. जिना उतरताना दोन-तीन पायऱ्या एकदम टाकाव्यात तसं. एवढ्या मोठ्या ढांगेत वरचा दगड खालच्या दगडात घुसून बसतो, मग मशीनला ते कळतं आणि ते त्याला जोराने बाहेर ढकलतं. भिंत म्हणूनच आतून फुगत होती. तपासायचा एकच मार्ग होता. ज्या नव्या मशीनवर भिंत उभी होती, त्याच्यावर आम्ही मुद्दाम चार-पाच जड कामं लादली. ते घाम गाळायला लागलं आणि भिंत पडली. कामं काढून घेतली, पुन्हा रचली, उभी राहिली. तीनदा केलं. तीनदा तेच. भाईंनी प्रत्येक वेळी मोबाईलवर चित्रण केलं.

म्हणजे विंडोजवाल्यांच्या भिंतीही पडतच होत्या. जुनी मशीनं त्यांच्याकडे काय कमी होती? पण त्यांना वाटलं असणार आपलाच दगड तिरका बसला, आपल्यालाच जमत नाही. ते गप्प बसले आणि चांगले ठरले. आम्ही विचारलं आणि कटकटे ठरलो. लिनक्सवाल्याला ही खोड असतेच, बिघडलं की झाकण उघडून बघायची, कारण आमच्यासाठी दुसरं कोणी येऊन बघत नाही. त्या दिवशी दुकानात मला ह्या खोडीचा जेवढा अभिमान वाटला तेवढा आयुष्यात कुठल्या मार्कांचा वाटला नाही.

अर्ज एकच लिहिला, माझ्या एकटीच्या नावाने. चार रकाने. प्रश्न: भिंत का पडते. तुमचं उत्तर: लिनक्समुळे. आमचं उत्तर: ढांगेमुळे. पुरावा: पाच मशीनं, आठ वेळा रचलेली एकच भिंत, चित्रणं सोबत. खाली लिहिलं की मागची सात पत्रं सात माणसांची होती, सातही जण तुमचे गिऱ्हाईक आहेत, आणि ती सारखी लिहायला मी सांगितलं होतं, आमच्याकडे तशी पद्धत आहे, तुम्हाला ती खोटी वाटली ही चूक माझी. माफी मी तेवढ्याचीच मागितली. विचारल्याची मागितली नाही. आणि शेवटी लिहिलं, आमच्या क्लासमध्ये आक्षेप मान्य झाला की मार्क सगळ्यांना मिळतात. तुम्ही हे सुधारलंत तर फक्त आम्हाला देऊ नका, जे गप्प बसले त्यांनाही द्या. पण आमच्या आक्षेपावर त्यांना मार्क देऊन आम्हालाच वर्गाबाहेर काढणार असाल, तर तसं तुमच्या पानावर जाहीर लिहा.

आठ दिवस काही नाही. अण्णा रोज पेपर वाचत होते, शब्दकोडंसुद्धा सोडवून टाकत होते. नवव्या दिवशी उत्तर आलं. त्याने स्वतः घरातलं जुनं मशीन काढून पाहिलं होतं. भिंत पडली होती. लिहिलं होतं की दोन वर्षं लोक गेम अर्ध्यात का सोडून जातात हे त्याला कळत नव्हतं, त्याला वाटायचं गेमच कंटाळवाणा आहे. दुरुस्ती सगळ्यांसाठी येईल. लिनक्स राहील. आणि हेच त्याने त्याच्या पानावरही लिहिलं, आधीच्या जाहीर मजकुराच्या बरोबर वर, चूक माझी होती असं म्हणून. तेवढं केलं म्हणून मी त्याला माणूस म्हणते.

दुरुस्ती आली त्या रविवारी मी अण्णांना बोलावलं नाही. एकटीनेच चौथी भिंत रचली. राहिली. माळवद घातलं, राहिलं. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. अण्णा येऊन बसले होते. मग म्हणाले, चूल ह्या कोपऱ्यात नव्हती, धूर होतो म्हणून तुझ्या आईनं ती दाराकडं घेतली होती. वीस वर्षांत आईबद्दलचं हे त्यांचं पहिलं वाक्य. मी चूल दाराकडे घेतली. डोळे भरून आल्यामुळे दोनदा चुकीच्या जागी पडली.

मी त्या माणसाला गावाचं चित्र पाठवलं, हे गाव भूकंपात गेलं एवढंच लिहून. त्याचं लांबलचक पत्र आलं, फार भारावून वगैरे. आणि पत्राच्या शेवटी एक बातमी होती. गेम खेळणारे बरेच दिवस मागत होते म्हणून पुढच्या आवृत्तीत तो भूकंपाचं बटण देणार होता. दाबलं की जमीन हलेल, कोणाचं बांधकाम टिकतं ते बघायची मजा. तुमच्याइतकी बारकाईने तपासणारी माणसं मला मिळालेली नाहीत, तुम्ही तपासून द्याल का, असं विचारलं होतं.

मला इतका राग आला की मी मराठीतच लिहायला लागले. मग खोडून इंग्रजीत लिहिलं, हे बटण काढा, नाहीतर आमचा संबंध संपला. पाठवणार तेवढ्यात अण्णांनी विचारलं काय लिहिलंस. मी त्याचं पत्र वाचून दाखवलं, माझंही दाखवलं. मला वाटलं ते उठून चपला घालतील.

अण्णा उठले नाहीत. म्हणाले, "असू दे त्याचं बटन. पन आदी इचारायला सांग. तवा आपल्याला कुनी इचारलं न्हाई."

मी माझं पत्र खोडलं आणि नवा अर्ज लिहिला. भूकंप आधी विचारून आला पाहिजे. गाव उघडताना प्रश्न यावा, हो की नाही, आणि नाही म्हटलं की एक खडाही हलता कामा नये. त्याने ते मान्य केलं. प्रश्न मराठीत कसा लिहायचा तेही विचारलं, मी लिहून दिलं. आम्ही सातही जणांनी तो भाग तपासून दिला, ह्या वेळी सात वेगवेगळ्या पत्रांत, आणि त्यात तीन चुका काढल्या.

आता गाव उघडलं की आधी पडद्यावर येतं, भूकंप हवा आहे का? मी काही करायच्या आत अण्णा माझ्या हातातून माउस घेतात आणि 'नाही' दाबतात. दर रविवारी. एकदा मी त्यांना सांगितलं की हा प्रश्न कायमचा बंद करता येतो, सारखंसारखं दाबायला नको.

"बंद करू नको," अण्णा म्हणाले. "मला दर येळी न्हाई म्हनायचं हाय."